उत्तर उद्या सांगते



मालिका लिहिणाऱ्यांची एक युक्ती आता आपल्या सगळ्यांना पाठ झाली आहे. शेवटच्या मिनिटाला घंटी वाजते, सून दार उघडते, तिचा चेहरा तीनदा दाखवतात, आणि दारात कोण उभं आहे ते कळायच्या आत भाग संपतो. आपण "फसवतात मेले" म्हणून चिडतो आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लवकर आटोपून पुन्हा समोर बसतो.

ही युक्ती ना टीव्हीवाल्यांची, ना इंग्रजी रहस्यकथांची. साडेनऊशे वर्षांपूर्वी एका जैन मुनींनी लिहिलेल्या कथेत एका चिताऱ्याची मुलगी हेच करते, आणि माझ्या मते आजच्या लेखकांपेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे करते. तिचं नाव कनकमंजरी. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

आधी ती कुठून आली ते सांगते. उत्तराध्ययन सूत्राच्या नवव्या अध्ययनात नमिराजर्षींची प्रव्रज्या आहे. त्याच्या अनुषंगाने टीकाकार चार प्रत्येकबुद्धांच्या कथा सांगतात: करकंडू, दुम्मुह, नमि आणि नग्गई. देवेंद्रगणींनी, म्हणजे पुढचे आचार्य नेमिचंद्रसूरी यांनी, विक्रम संवत ११२९ मध्ये (इ.स. १०७३) गुजरातेतल्या अणहिलवाड पाटण इथे या सूत्रावरची 'सुखबोधा' टीका पूर्ण केली. टीका संस्कृतात आहे, पण गोष्ट आली की मुनी प्राकृतात शिरतात. ते प्राकृत म्हणजे जैन महाराष्ट्री, आपल्या मराठीच्या घराण्यातली एक जुनी आजी. हेर्मान याकोबी या जर्मन पंडितांनी १८८६ साली त्यातल्या निवडक गोष्टी लाइपझिगहून छापल्या, आणि १९०९ मध्ये जे. जे. मायर यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं. दिगंबर घरांतल्या मैत्रिणींना हा ग्रंथ ओळखीचा नसेल, पण गोष्ट ऐकायला पंथ आड येत नाही.

तुम्ही म्हणाल, मुनींना कशाला हवी रहस्यकथा? त्यांना तर चार विकथा वर्ज्य. स्त्रीकथा नको, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गप्पा नकोत, देशकथा नको, राजकथा नको. (आपल्या भिशीत मग उरतं काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो.) पण त्याच शास्त्राने धर्मकथेचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यात पहिलं नाव आहे 'आक्षेपणी', म्हणजे ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेणारी. वैराग्याकडे नेणाऱ्या कथा त्यानंतर येतात. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी तर अर्थ, काम आणि धर्म यांचं मिश्रण असलेली 'संकीर्णकथा' असा वेगळा प्रकारच मानला. समोर बसलेला व्यापारी दिवसभर हिशेबाने थकून आला आहे, बाई चूल झाकून आली आहे, हे त्या मुनींना ठाऊक होतं. त्यांना तासभर बसवून ठेवायचं तर काहीतरी झाकून ठेवावं लागतं.

नग्गईच्या कथेत ते पहिल्या पानापासून झाकलेलं आहे. गांधार देशाचा राजा सिंहरथ, त्याच्याकडे भेट म्हणून घोडे आलेले. राजा एकावर बसून फेरी मारायला निघतो. घोडा उलटा शिकवलेला, लगाम ओढला की जोरात पळणारा! राजा जितका खेचतो तितका तो पळतो. शेवटी हात दुखून राजा लगाम सोडतो, तेव्हा घोडा थांबतो. तोवर तो घनदाट रानात, एका डोंगरापाशी पोचलेला असतो. रात्र काढायला राजा डोंगर चढतो, तर वर सात मजली महाल, आणि त्यात एकटी एक तरुणी. तू कोण, इथे एकटी कशी, असं राजा विचारतो. ती म्हणते, आधी माझ्याशी लग्न कर, हकीकत मग सांगते.

आणि लग्न होतं! मुलीचं घराणं, गोत्र, काही माहीत नसताना. आपल्याकडच्या मध्यस्थांनी कपाळावर हात मारला असता. ही कोण, हा प्रश्न मनात घेऊन राजा बसतो, त्याच्याबरोबर आपणही बसतो, आणि ती सुरुवात करते ती भलत्याच कुणाच्या गोष्टीने.

क्षितिप्रतिष्ठित नगरात जितशत्रू नावाचा राजा होता. त्याने चित्रसभा बांधायला घेतली आणि भिंती रंगवायचं काम चिताऱ्यांमध्ये सारखं वाटून दिलं. त्यात एक म्हातारा चितारी होता, हाताखाली कुणी नाही. त्याची मुलगी कनकमंजरी रोज त्याला जेवण घेऊन येई. एक दिवस ती येत असताना भर गर्दीच्या रस्त्यावरून एक स्वार घोडा भरधाव सोडून गेला. ती कशीबशी बाजूला झाली. चित्रसभेत पोचली, तर जेवण आलेलं पाहून बाप शौचाला उठून गेला. ताट निवत राहिलं. तिने वाट बघता बघता बापाचेच रंग घेऊन फरशीवर मोराचं पीस काढलं. तेवढ्यात खुद्द राजा आला, खरं पीस समजून उचलायला गेला आणि त्याची नखं फरशीवर घासून दुखावली. कनकमंजरी हसली. मूर्खांच्या मंचकाचे तीन पाय मला सापडले होते, म्हणाली, मंचक डुगडुगत होता, आज चौथा पाय मिळाला.

राजाने विचारलं, कोण ते चौघे? पहिला तो गर्दीत घोडा उधळणारा. दुसरा राजा, ज्याने घरात चार चितारी असणाऱ्याला आणि माझ्या एकट्या म्हाताऱ्या बापाला सारखाच वाटा दिला. तिसरा माझा बाप, गरम जेवण समोर येताच उठून जाणारा. आणि चौथे तुम्ही, इथे फरशीवर मोराचं पीस कुठून येईल, एवढंही न बघणारे.

दुसरा आणि चौथा पाय एकच माणूस आहे, हे बहुधा तिला ठाऊक नव्हतं. किंवा पुरेपूर ठाऊक असावं. कथा याबद्दल गप्प आहे. राजा मात्र तिच्या बुद्धीवर भाळला आणि त्याने तिला मागणी घातली.

आता ती राणी झाली. पण राजाला राण्या अनेक, रात्रीच्या पाळ्या ठरलेल्या, आणि ही त्यात सगळ्यात हलक्या घरची. माहेर म्हणजे रंगाचे वाडगे आणि एक म्हातारा. एकदा पाळी येऊन गेली की पुन्हा कधी, सांगता येत नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने मदनिका नावाच्या दासीला शिकवून ठेवलं: राजा आडवा झाला की त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला गोष्ट सांगायला सांग. दासीने तसं म्हटलं. राणी म्हणाली, थांब गं, महाराजांना झोप लागू दे. हे ऐकल्यावर कुठल्या माणसाला झोप लागेल? राजाने डोळे मिटले, झोपेचं सोंग घेतलं आणि कान टवकारले.

पहिली गोष्ट अशी. एका मुलीचं लग्न आईने एका ठिकाणी ठरवलं, बापाने दुसऱ्या, भावाने तिसऱ्या, एकमेकांना न सांगता. तिन्ही वरातल्या एकाच दिवशी दारात. त्याच रात्री मुलीला साप चावला आणि ती गेली. एक वर तिच्याबरोबर चितेत जळाला. एक तिथेच उपाशी बसून राहिला. तिसऱ्याने देवाची आराधना करून संजीवनी मंत्र मिळवला आणि तिला उठवलं. तिच्यासोबत जळालेलाही उठला. आता तिघेही हजर. मुलगी द्यायची कुणाला?

दासी म्हणाली, तुम्हीच सांगा. राणी म्हणाली, आता झोप येते, उत्तर उद्या सांगते.

दुसऱ्या रात्रीही राजा तिच्याकडेच आला. असं चालत राहिलं. तिच्या कोड्यांतली काही इथे देते, तुम्हीही डोकं चालवा. उत्तरं लगेच देणार नाही.

राजवाड्याच्या तळघरात सोनार दागिने घडवत होते. ऊन नाही, चांदणं नाही, फक्त रत्नांचा उजेड. त्यातला एक म्हणाला, आता रात्र झाली. त्याला कसं कळलं?

दोन चोरांना पेटीत घालून पाण्यात सोडून दिलं. पेटी वाहत वाहत काठाला लागली, लोकांनी उघडली आणि विचारलं, किती दिवस झाले? एक चोर म्हणाला, आज चौथा दिवस. बंद पेटीत त्याला कसं समजलं?

एका बाईने सवतीच्या भीतीने आपले दागिने एका भांड्यात घातले, तोंड लिंपून बंद केलं आणि जाता-येता दिसेल अशा जागी ठेवलं. सवतीने दागिने चोरून तोंड पुन्हा तसंच लिंपून ठेवलं. पहिलीने भांड्याला हातही न लावता ओळखलं की दागिने गेले. कसं?

एक हात उंचीचं देऊळ, आणि आत चार हातांचा देव. मावला कसा?

आणि हे माझं आवडतं. एका बाईने सणासाठी रुपये अनामत ठेवून कुणाकडून तरी कांकणं आणली आणि मुलीच्या हातात घातली. परत करायची राहिली. वर्षं गेली, मुलगी मोठी झाली, कांकणं निघेनात. मालक मागायला आले. बाई म्हणाली, जास्त पैसे घ्या. नको. तशीच दुसरी घडवून देते. नको, आमचीच हवीत. मुलीचे हात तर कापता येत नाहीत. त्यांचं समाधान कसं करायचं?

इथे जरा थांबून तिची रीत बघू. गोष्टी सांगून जीव वाचवणारी अरबी कथांमधली शहरजाद आपल्याला ठाऊक आहे. १७०४ पासून फ्रेंच भाषांतरातून तिचं नाव युरोपभर झालं आणि मग जगभर. शहरजाद गोष्ट मध्येच तोडते. पुढे काय झालं, ही ओढ ती लावते, आणि आपल्या मालिका तिच्याच वंशातल्या. कनकमंजरी गोष्ट तोडत नाही. ती पूर्ण सांगते, सगळी माणसं, सगळ्या घटना समोर मांडते, आणि फक्त एक 'कसं' राखून ठेवते. राजाला दिवसभर विचार करायला सगळं साहित्य दिलेलं असतं. उत्तर येतं तेव्हा तो "अरे, हे मला सुचायला हवं होतं" म्हणतो. दार उघडून नवीनच पात्र आत आणायचं, ही लबाडी तिच्याकडे नाही. तीन वरांच्या कोड्याची बहीण वेताळपंचविशीतही आहे, तिथे वेताळ विचारतो आणि विक्रम उत्तर देतो. इथे विचारणारीही तीच आणि उत्तर देणारीही तीच. राजाचं काम फक्त झोपेचं सोंग घेणं.

घ्या आता उत्तरं. ज्याने मंत्राने जीव दिला तो बाप ठरला. जो तिच्याबरोबरच पुन्हा जन्मला तो भाऊ ठरला. जो उपाशी बसून राहिला, मुलगी त्याची. तो सोनार रातांधळा होता, दिसेनासं झालं म्हणजे रात्र झाली. चोराला दर चौथ्या दिवशी येणारा हिवताप होता. सवतीचं ते भांडं काचेचं होतं. (हे मी माझ्या नातीला घातलं तर तिने क्षणात सांगितलं. आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एकीलाही आलं नाही, कारण आम्ही सगळ्या मनात मडकं धरून बसलो होतो. त्यांच्या फ्रिजमध्ये सगळे डबे पारदर्शक.) देवाला बाहू चार होते, आणि देऊळ मापाने एक हात. प्राकृतातला 'हत्थ' जसा दोन्हीकडे चालतो तसाच आपला 'हात' चालतो, म्हणून हे कोडं मराठीत जसंच्या तसं बसतं. इंग्रजीत त्याची मजाच जाते.

आणि कांकणांचं? मालकांना सांगायचं: आम्ही अनामत दिलेले तेच रुपये तुम्ही परत आणा, आम्ही हीच कांकणं परत देतो. मी बी.कॉम. झाले, त्यामुळे या उत्तराला मनातून दाद दिली. पैसा आला की तो गल्ल्यात मिसळतो, तेच नाणं परत कुणी आणू शकत नाही. वस्तू तीच हवी असेल तर पैसाही तोच आण, असं म्हणणं म्हणजे समोरच्याचा हट्ट त्याच्याच तराजूत घालणं. वाण्याच्या घरांत वाढलेल्या श्रोत्यांनी ही गोष्ट ऐकून गालातल्या गालात हसून घेतलं असेल.

कोड्यात जीव अडकवायची ही कला मुनींना किती साधली होती याचं आणखी एक उदाहरण, थोडक्यात. उद्द्योतनसूरींनी शक ७०० संपायला एक दिवस असताना, म्हणजे इ.स. ७७९ च्या मार्चमध्ये, जालोरला 'कुवलयमाला' पूर्ण केली. त्यातली राजकन्या एक अपुराच श्लोक जाहीर करते आणि तो पुरा करील त्यालाच वरीन म्हणते. शब्दांची कसरत येणारे कितीतरी असतील. पण श्लोकाचं उत्तर पाच मित्रांच्या मागच्या जन्मात आहे, तो जन्म ठाऊक असणाऱ्यालाच ते येणार. हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो जैसलमेरचं ताडपत्र आणि पुण्यातली कागदी पोथी ताडून बघणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यामुळे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले हे प्राध्यापक. त्यांचं संपादन १९५९ साली मुंबईहून निघालं. त्या ग्रंथातल्या बाजाराच्या वर्णनात मराठे व्यापाऱ्यांच्या तोंडी दिलं-घेतलं अशा अर्थाचे शब्द आहेत, आपल्या भाषेच्या फार जुन्या नमुन्यांपैकी एक.

परत कनकमंजरीकडे. सहा महिने राजा तिच्याकडेच येत राहिला. बाकीच्या राण्या जळफळल्या, असं ग्रंथ म्हणतो आणि पुढे जातो. आमच्या मंडळात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ऐंशी वर्षांच्या एक आजी मध्येच म्हणाल्या, "मग बाकीच्यांच्या पाळ्यांचं काय झालं?" प्रश्न बरोबर होता. सहा महिने म्हणजे एकेकीच्या कितीतरी रात्री. कनकमंजरीने राजाला धरून ठेवलं ते कुणाच्या तरी वाट्याचं उचलून, आणि चित्रसभेत सारखा वाटा देणाऱ्या राजाला मूर्ख म्हणणारी तीच मुलगी इथे वाट्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सवतींना मत्सरी म्हणून टाकणं सोपं आहे. त्यांच्यापैकी कुणाला गोष्ट सांगता येत नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा. मुनींच्या लेखणीबद्दल आदर ठेवूनही मला हे खटकतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हेही खरं.

त्या राण्या मग तिच्या मागावर राहिल्या आणि त्यांना एक गोष्ट दिसली. ही रोज दुपारी एका खोलीत जाते, दार आतून लावते आणि कुणाशी तरी बोलते. झालं! त्यांनी राजाला सांगितलं, ती तुमच्यावर करणी करते आहे.

सहा महिने कोडी ऐकणाऱ्या राजापुढे आता न विचारलेलं कोडं उभं राहिलं, तेही कोडी घालणारीचंच. त्याने लपून पाहिलं. राणीने अंगावरची राजवस्त्रं उतरवली, दागिने काढून ठेवले. माहेरून आणलेली जुनी लुगडी नेसली, तिथलेच साधे दागिने घातले, आणि स्वतःलाच समजावू लागली की बाई, हे तुझं खरं, चिताऱ्याची मुलगी तू, ते बाकीचं राजाचं आहे, त्याने दिलं तसं तो परत घेईल, माजू नकोस.

राजा खूश झाला आणि त्याने तिला पट्टराणी केलं. माझं मन मात्र त्या खोलीतच अडकलं. रात्री तिला राजाची भीती नसते, कोडं तिच्या हातात असतं. दुपारी मात्र ती रोज एकदा सगळं गेल्याची तालीम करते. एवढी हुशार बाई, आणि तिला एक दिवसही खात्री नाही की उद्या हे राहील. राजाने तिच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या, पण ही गोष्ट तिने त्याला कधीच सांगितली नव्हती.

पुढे दोघांनी श्रावकव्रतं घेतली. म्हातारा चितारी मरताना मुलीने त्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो व्यंतर देव झाला. काळाने कनकमंजरीही गेली आणि देवगती भोगून विद्याधराच्या घरी कनकमाला म्हणून जन्मली. तिला एका विद्याधराने पळवून एका डोंगरावर आणलं. भाऊ सोडवायला आला, दोघे लढून मेले. एकट्या पडलेल्या त्या मुलीपाशी एक देव आला आणि तिला लेक म्हणाला. तो मागच्या जन्मीचा बाप. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. सात मजली महालात बसून सिंहरथाला ही सगळी गोष्ट सांगणारी तीच कनकमाला, आणि ऐकणारा सिंहरथ म्हणजे जितशत्रू. अख्खी गोष्ट त्याच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर होती. मागच्या जन्मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलेला माणूस या जन्मी उघड्या डोळ्यांनी ऐकत बसलेला.

तिला भेटायला तो पुन्हापुन्हा डोंगरावर, म्हणजे नगावर, जाई, म्हणून लोक त्याला नग्गई म्हणू लागले. त्याला वैराग्य झालं ते मात्र ना तिच्या गोष्टीने, ना कुणाच्या उपदेशाने. एकदा तो फौजेसह बाहेर पडला. वाटेत मोहरलेला आंबा दिसला. त्याने जाता जाता एक मंजिरी तोडून घेतली आणि पुढे गेला. परत येताना त्याने विचारलं, तो आंबा कुठे आहे? प्रधानाने एका उघड्याबोडक्या खोडाकडे बोट दाखवलं. हे असं कसं झालं, राजाने विचारलं. प्रधान म्हणाला, महाराज, आपण एक मंजिरी घेतली, आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येकाने एकेक घेतली.